बिंदगी दाराबाहेर

लेकीनं पुण्यात खानावळ काढली आणि तिथं दूध, दही, तूप यातलं काहीच नसतं हे कळलं, तेव्हा मी विचारलं, "मग लोक खातात काय, दगडं?" ती नुसती हसली. खानावळीची आणखी एक तऱ्हा होती. चूल फक्त रविवारी पेटायची, आणि जेवण एकच, कुठल्या तरी एका गावचं. या खेपेला गाव आमचं होतं. आमच्याकडची येळवस, म्हणजे वेळा अमावस्येचा शेतातला सण, नुकतीच झाली होती आणि तेच शेतातलं जेवण ती शहरातल्या लोकांना घालणार होती. मला फक्त बघायला बोलावलं होतं.

नुसतं बघायला जाणाऱ्यांतली मी नव्हे. येळवस म्हणजे भज्जी, उंडे आणि आंबील. भज्जीत हरभरा, तूर, वाटाणा, चिंच, शेंगदाण्याचं कूट. उंडे म्हणजे बाजरीचे उकडलेले गोळे. ते तिला जमलं असतं. पण ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवलेली आंबील पुण्यात कोण करणार? मी मातीची बिंदगी भरून घेतली, तोंडाला फडकं बांधलं आणि आमच्या अणदूरपासून पुण्यापर्यंत मांडीवर धरून नेली. वाटेत कंडक्टर म्हणाला, "मावशी, सांडतंय बघा." मी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि फडकं आणखी घट्ट बांधलं.

खानावळीच्या अंगणात लेकीनं कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी केली होती, अगदी शेतात करतो तशी. कडबा तिच्या तामलवाडीच्या मावशीनं टेंपोतून धाडलेला. कोपीत चुना लावलेले पाच दगड, पूजेचे पाच पांडव, आणि समोर पंगत बसत होती. माझा ऊर भरून आला. बिंदगी घेऊन आत शिरणार, तोच ती दारात आडवी आली.

"आई, यात ताक हाय ना?"

"मग काय पाण्यात करू?"

"मग आत न्हाय चालायचं."

दूध-दही-तूप नसतं हे मला ठाऊक होतं, पण घरनं आणलेल्या ताकाला कोण अडवतंय, अशी माझी समजूत. लेक आईच्या आंबिलीलाही नाही म्हणेल हे डोक्यातच आलं नव्हतं. "आंबिलीबिगर येळवस करतीस व्हय? लोकं नावं ठिवतील."

"शेंगदाण्याचं दही लावून केलीया. तू चाखून बघ. पण हितं दुधाचा थेंब न्हाय, या माझ्या शब्दावर ही माणसं जेवाय येत्यात. आईसाठी मोडला तर त्यो शब्द कशाचा?"

मी चाखली. आमची नव्हती. पण आंबट बेताची, लसूण नेमका, आणि वाईट म्हणायला जीभ वळेना. त्याचाच मला जास्त राग आला. बिंदगी घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले.

येळवशीला बांधावरून जाणाऱ्याला आम्ही हाक मारून जेवायला बसवतो, कोण कुठला हे विचारत नाही. समोरून माणसं चालली होती आणि भरली बिंदगी माझ्यापुढं. हात स्वस्थ बसेना. शेजारच्या चहावाल्याकडून कागदी पेले मागून घेतले आणि रिक्षावाल्यांना, भाजीवालीला, दिसेल त्याला आंबील देत सुटले.

आत पंगत काही उठेना. भज्जीची मागणी चाललेली ऐकू येत होती. कान तिकडंच होते माझे. खरं सांगते, इतका अभिमान मला तिच्या पदवीच्या वेळीही वाटला नव्हता. आणि माझ्यापुढंही वाकली नाही, याचा तर त्याहून जास्त.

एवढ्यात पंगतीतले एक गृहस्थ बाहेर आले. बोटं चाटत म्हणाले, "मावशी, आतली भज्जी कुणी केली हो?"

"माझ्या लेकीनं."

ताकाची हाय असं सांगितलं, तरी त्यांनीही आंबील प्यायली, पेला पुन्हा पुढं केला आणि भरल्यावर तो घेऊन आत निघाले. मी उठून दारात आडवी आले.

"आत न्हाय न्यायचं, दादा. आमच्या खानावळीत ताक चालत न्हाय. हितंच प्या."

मागं लेक पळी हातात धरून उभी होती, हे मला नंतर कळलं.