रुखवतात गेलेला राऊटर

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाणीची अधिष्ठात्री शारदा हिला वंदन करून, माणिकरावांच्या कन्येच्या विवाहदिनी अहमदपूरच्या एका मंगल कार्यालयात घडलेला प्रसंग निवेदन करतो.

दुपारचे अडीच वाजले होते. पंगती उठल्या होत्या. वधूपिता माणिकराव माइक धरून स्टेजवर उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. स्पीकरमधून मात्र शब्द येत नव्हता, आणि माझ्या हातातला टॅबलेट सांगत होता, कनेक्शन तुटले आहे.

माझा व्यवसाय साऊंडचा. बालपण संस्कृत पाठशाळेत गेले, म्हणून या धंद्यातही मला सारे गुरुजीच म्हणतात. पूर्वी आमचा मिक्सर, सारे आवाज जुळवणारे यंत्र, म्हणजे शेकडो बटणांचे मोठे टेबल असे. आता तो एका पेटीत मावतो. पेटी स्टेजवर राहते, तिला एकही बटण नसते. शेजारी एक राऊटर ठेवायचा. तो पेटीचे आणि टॅबलेटचे बोलणे जुळवून देतो. सोय अशी की शेवटच्या रांगेत उभे राहून, पाहुण्याच्या कानाने ऐकत, ढोलकी कमी किंवा गायक जास्त करता येतो. शब्द हा आकाशाचा गुण, असे आम्ही न्यायशास्त्रात घोकले होते. त्याची प्रचीती अशी उतारवयात, काचेवर बोट फिरवताना आली.

सकाळी साऊंडचेक चालू असताना माणिकराव जवळ आले. एकेकाळी त्यांच्या भजनाला रेणापूरपर्यंतची माणसे येत. दोन वर्षांपूर्वी गळ्याचे ऑपरेशन झाले आणि आवाजाचा केवळ धागा उरला.

"गुरुजी, पोरीला शब्द दिलाय. निघायच्या आधी एक गाणं म्हणतो म्हणून. लहानपणी तेच म्हणून झोपवायचो तिला. फजिती तर होणार न्हाई ना?"

"अण्णा, माइक ओठांजवळ धरा. बाकीचे माझ्यावर सोडा."

मी त्यांचा माइक त्यांच्या धाग्याएवढ्या आवाजाला जुळवला आणि म्यूट करून ठेवला. न वापरलेला माइक उघडा राहिला तर शिट्टी मारतो, म्हणून तो बंद ठेवण्याचा आमचा प्रघात आहे. स्टेजवर जागा नव्हती. बाजूला रुखवताचे टेबल होते, वधूबरोबर पाठवायची भांडीकुंडी त्यावर मांडलेली. तेथे प्लग होता आणि टेबलही उंच होते. समई आणि डब्यांच्या उतरंडीमध्ये मी राऊटर ठेवला. ती वस्तू कोणाची, हे कोणाला सांगितले नाही. अपराध तेथे घडला.

नांदेडच्या बँडने दोन गाणी उत्तम वाजवली. मग माणिकराव उभे राहिले. मी त्यांचा माइक उघडण्यासाठी बोट टेकवले, आणि टॅबलेट बोटाला दाद देईना.

अण्णांनी पहिली ओळ म्हटली. पुन्हा म्हटली. मग त्यांचा हात गळ्याकडे गेला. यंत्र बंद आहे हे त्यांना कोठून कळणार? त्यांना वाटले, उरलेला आवाजही गेला.

पुढच्या खुर्चीतून कोणीतरी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या अण्णा, बसा. कंधारला पोचायचंय पाव्हण्यांना."

वधू उठून उभी राहिली होती.

खुर्च्यांमधून वाट काढत मी स्टेज गाठले. बँडच्या गायकाचा माइक चालू होता. तो मागून घेतला आणि त्यातच बोललो, "अण्णा, दोष माझ्या यंत्राचा आहे. तुमच्या गळ्याचा नव्हे." सर्वांना ऐकू जाणे आवश्यक होते. मग तो माइक त्यांच्या हाती दिला.

पण तो माइक भरदार गळ्याला जुळवलेला होता. अण्णांचा आवाज त्यात दबणार. ढोलकीवर बँडचा प्रमुख सलीम होता. मी वाकून म्हणालो, "टॅबलेट गेला. आता मिक्सिंग तुमच्या हातात. ऑक्टोपॅडचे ठोके बंद. कीबोर्डचा नुसता सूर धरा. ढोलकी बोटांनी."

"बोटानं बी नको, गुरुजी. ठेका मांडीवर धरतो."

अण्णा गाऊ लागले. कोणीतरी कूलर बंद केले. मागे गंज-पातेली घासणाऱ्या बायकाही थांबल्या.

मी रुखवताकडे गेलो. टेबल रिकामे. भिंतीत नुसता प्लग. वधूची शांतामावशी फडक्यात पेले बांधत होती.

"मावशी, येथला काळा डबा?"

"दोन शिंगाचा व्हय? पिंपात घातला की. कुणीतरी आहेर केला म्हणलं पोरीला. टीव्हीचा असंल."

"पिंप कोठे आहे?"

"टेम्पोत. भिऊ नका, वर लाडूचा डबा ठेवलाय. फुटायचा न्हाई."

सर्व ध्यानात येताच ती माउली पदर खोचून टेम्पोवर चढली. लाडू निघाले, मग राऊटर निघाला. प्लग लावला. त्याला जागे व्हायला दोन मिनिटे लागतात. टॅबलेट उजळला तेव्हा शेवटचे कडवे चालू होते.

माझे बोट फेडरवर होते. फेडर म्हणजे आवाज चढवण्या-उतरवण्याची पट्टी. मी कान दिला. आवाज बारीक होता, मध्येच तुटत होता, आणि शेवटच्या रांगेतली माणसे मान वर करून ऐकत होती. मी बोट उचलून घेतले.

गाणे संपल्यावर मुलगी बापाच्या गळ्यात पडली. काही वेळाने अण्णा डोळे पुसत माझ्याकडे आले.

"मशीन कवा चालू झालं, गुरुजी?"

"शेवटच्या कडव्याला."

"तरीच! शेवटचं कडवं लई झ्याक झालं."

"अण्णा, त्यात मी काहीच केले नाही."

"हाव, हाव," ते हसले. "मोठी माणसं असंच म्हणत्यात."

हल्ली मी राऊटर स्टेजच्या खांबाला स्वहस्ते बांधतो. त्यावर चिठ्ठी असते: "साऊंडवाल्याचा आहे. आहेर नव्हे." शिवाय घरच्या बायकांना आधी दाखवून ठेवतो. कार्यात कोणती वस्तू कोठे जाते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

वाचकहो, आपल्या घरी मंगलकार्ये घडोत. आपल्या वडीलधाऱ्यांचा स्वर क्षीण झाला तरी तो ऐकण्यासाठी घरात कोणीतरी मांडीवर ठेका धरणारा असो. शारदा आपले आणि आपल्या कुटुंबाचे कल्याण करो.