लोटूभाऊची पिशवी

लोटूभाऊ रागावला तर रागावू दे, पण हे मी लिहिणारच. तो प्रकार घडला तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा होतो, आणि मूर्खपणात माझाही अर्धा वाटा होता.

लोटू पंडित पाटील, राहणार सिंधीपुरा, वय एकोणसाठ. कागद मिलमध्ये एकतीस वर्षं झाली. बऱ्हाणपूरहून मिल आणि मिलहून बऱ्हाणपूर, एवढीच त्याची दुनिया. पाळीच्या वेळेची जी पॅसेंजर आहे तिला आम्ही मिलवाले शटल म्हणतो. गाडी फलाटाला लागते न लागते तोच लोटूभाऊ खिडकीतून डब्याची पिशवी आत टाकतो आणि स्वतः चहा पीत खाली उभा राहतो. पिशवी पडली की जागा त्याची. तिला कोणी हात लावत नाही. एकदा एक नवखा टी.सी. ती सरकवून बसला, तर अख्ख्या डब्यानं त्याला उठवलं. आमच्या गाडीत पिशवी म्हणजे माणूसच.

त्याची मुलगी प्रतिभा एका मोठ्या शहरात मेट्रो चालवते. शहराचं नाव सांगत नाही, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. लोटूभाऊनं मात्र इतवाऱ्यातल्या एकेका दुकानदाराला गाठून सांगितलं होतं, "माही पोरगी जमिनीच्या खालून गाडी हाकते!" पोरगी अजून पक्की झालेली नव्हती. पक्केपणाचं पत्र पुढच्या महिन्यात मिळायचं होतं, आणि तोवर एक चूक झाली तरी घरी बसावं लागलं असतं. म्हणून तिनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, या खुशाल, पण मी ड्यूटीवर असताना ओळख दाखवू नका. गाडीत बसा, पाहा आणि संध्याकाळी खोलीवर या."

आम्ही दोघं गेलो. लक्ष्मीवहिनींनी लेकीसाठी दराबा, आमच्याकडची रव्या-तुपाची मिठाई, करून दिला होता. डब्याचं झाकण सैल, म्हणून त्यांनीच तो केळीच्या सोपटाच्या दोरीनं गच्च बांधला आणि त्याच जुन्या पिशवीत घातला; दोरीची गाठ वरून दिसत होती. मेट्रोच्या दारात पिशवी यंत्रातून गेली. शिपायानं डबा बाहेर काढायला लावला, दोरी न सोडता वरूनच वास घेतला आणि हसून सोडलं.

जिना आपोआप खाली जात होता. लोटूभाऊ डोळे मिटून माझं मनगट धरून उभा. खाली उतरून प्रतिभाची गाडी शोधली आणि तिच्या केबिनमागच्या डब्यात बसलो. तेव्हा कळलं की तिची गाडी फक्त तीन स्टेशनं जाते. मोठ्या लाइनीवरून उतरलेली माणसं घ्यायची, सात मिनिटांत टोकाला पोचवायची, सात मिनिटांत परत यायचं. दिवसभर तेच.

लोटूभाऊचं तोंड उघडंच राहिलं. "बस? तीनच?"

मला वाटलं आता हा रडतो. इतवाऱ्यात तोंड कसं दाखवणार? पण पहिली फेरी होईतो त्याचा चेहरा उजळला. मांडीवर थाप मारून म्हणाला, "अरे चंदन, हे तं आपलं शटलच हाय! बाप शटलमधी बसला, पोरगी शटल चालवते!"

इथंच घात झाला. शटल म्हटल्यावर त्याच्या अंगात आमचीच गाडी शिरली. टोकाच्या स्टेशनावर सगळी माणसं उतरली. गाडी तिथं चार मिनिटं थांबते. लोटूभाऊनं सवयीनं पिशवी सीटवर ठेवली, एक थाप देऊन नीट बसवली आणि म्हणाला, "चाल, चहा पाहू." मीही बावळटासारखा निघालो. जमिनीखाली चहावाला कुठून येणार, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

फलाटाच्या खांबाआडून आम्हाला प्रतिभा दिसली. टोकाला गाडी वळत नाही, चालवणारा या केबिनमधून त्या केबिनमध्ये जातो. ती रिकाम्या डब्यांतून सीटा पाहत चालली होती. पिशवीपाशी थांबली. लोटूभाऊनं मला कोपर मारलं. "पाह्य, पाह्य. मायची दोरी वळखली तिनं."

ती वाकली. हात पुढे केला आणि मागे घेतला. मग ताठ उभी राहिली, रिकाम्या डब्यात इकडेतिकडे पाहिलं आणि वायरलेस तोंडाशी नेला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. भोंगा. शिट्ट्या. "सब लोग बाहर निकलिए!" शिपाई आम्हाला जिन्याकडे ढकलत होते. एक बाई चप्पल टाकून पळाली. लोटूभाऊ उलटा फिरून ओरडत होता, "अरे, माही जागा हाय ते!" मी त्याचं तोंड दाबलं. वर रस्त्यावर आलो तर पोलिसांची गाडी उभी, कुत्रा खाली चाललेला, जाड कपड्यांतली दोन माणसं त्याच्या मागं. आमच्या वहिनींच्या दराब्यासाठी! मी म्हणालो, "लोटूभाऊ, गप राहा. बोललास तर पोरीची नोकरी गेली."

त्यानं माझा हात झटकला आणि पोलिसांच्या साहेबापुढं जाऊन हात जोडले. "साहब, थैला मेरा है. मिठाई है. गलती मेरी है."

डबा उघडून खात्री होईपर्यंत अर्धा तास गेला. मग प्रतिभाला वर बोलावलं. गणवेशात, चेहरा पांढराफटक. साहेबानं विचारलं, "इन्हें जानती हो?"

"जी. मेरे पिताजी हैं."

"थैला पहचाना नहीं था?"

"पहचान लिया था, सर."

"फिर भी खबर दी?"

"थैले के पास कोई नहीं था, सर."

मी लोटूभाऊकडे पाहिलं. शिट्ट्यांनी, कुत्र्यानं तो घाबरला होता; या वाक्यानं मात्र तो बसलाच, तिथंच फूटपाथवर. एकतीस वर्षं पिशवी होती म्हणजे तो होता. पोटच्या पोरीनं भर रस्त्यात सांगितलं की तिथं कोणी नव्हतं. मला इतका राग आला की तिच्या नमस्काराला मी उत्तरही दिलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तिच्या खोलीवर गेलो नाही. तसेच परतीची गाडी धरून बऱ्हाणपूरला आलो.

महिन्याभरानं प्रतिभाचा फोन आला. मी त्याच्या ओसरीवर बसलो होतो, फोन स्पीकरवर होता. नोकरी पक्की झाली होती. चौकशी झाली, पण तिनं क्षणाचाही उशीर न करता कळवलं होतं, म्हणून ती वाचली. पिशवी मुकाट उचलली असती, तर कॅमेऱ्यात दिसून त्याच दिवशी घरी आली असती.

"बाबा," ती म्हणाली, "गाठ आईची होती. हात लावायला गेले होते मी. लई जड गेलं." आणि रडू लागली.

लोटूभाऊनं फोन तोंडाजवळ ओढला. मग म्हणाला, "बरं केलं पोरी. बरं केलं."

मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटल लागली. लोटूभाऊनं पिशवी टाकली नाही, काखेत धरून उभा राहिला. म्हणून मीच माझी पिशवी टाकून त्याची जागा धरली आणि तिच्या पलीकडे खिडकीशी बसलो. तो आत आला, सीटपाशी थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "हे पिशवी कोनाची हाय?"

साऱ्या डब्याला माहीत होतं. दोघंतिघं हसले. तो हसला नाही, बसलाही नाही. गाडी सुटली तरी दांडी धरून उभाच. पुन्हा विचारलं, "कोनाची?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला. "माझी, लोटूभाऊ. मी इथंच आहे."

तेव्हा त्यानं ती उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि शेजारी बसला.