डाव्या बाजूचा पत्रा

बायको गेली की तिच्या वस्तूंचं काय करायचं, हे सगळ्या जगाला आपल्याआधी कळलेलं असतं. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्यांनी धायरीच्या आमच्या घरातून अशी नजर फिरवली, की जणू मी ते रिकामं करायला काढलं होतं. साड्या आश्रमाला द्या. कपाट पुतणीला द्या. खिडकीपाशी तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे हनुवटी करून एका दूरच्या मेहुण्यांनी विचारलं, "हे भंगार अजून ठेवलंय?" त्यांच्या हातात खिरीची वाटी होती. मी त्यांना आणखी खीर वाढली. तोंड भरलेलं असलं, की तेवढा वेळ तरी माणूस सुसह्य असतो.

त्या कॉम्प्युटरवर बायकोनं वीसेक वर्षं मराठी अक्षरजुळणी केली. जयंतीची पत्रकं, लग्नपत्रिका, कुणाकुणाच्या कवितांची पुस्तकं. कवितांची जास्त, कारण आपल्या शहरात कविता न केलेला निवृत्त माणूस सापडणं कठीण. त्याचं कॅबिनेट, म्हणजे बाहेरची पेटी, मुळात पांढरट होतं, पुढे जुन्या पुस्तकाच्या कडांसारखं पिवळं पडलं. ते तिच्या उजव्या हाताला उभं असे, त्यामुळे त्याचा डाव्या बाजूचा पत्रा तिच्या डोळ्यांसमोर यायचा. त्या पत्र्यावर तिनं पेन्सिलीनं आकडे लिहून ठेवले होते. जुन्या फाँटमध्ये काही जोडाक्षरं कीबोर्डवर नसत; ऑल्टची कळ दाबून चार आकडे मारावे लागत. 'द्ध'चे आकडे, 'ह्य'चे, 'ङ्‌म'चे. शेजारी तिच्या टिपा: 'हा रडतो, दोनदा मार', 'हा फक्त जाड टाइपात'. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. तिचं अक्षर घरात दुसरं फारसं उरलेलं नाही. टाइप करणारी माणसं हातानं लिहीत नाहीत.

ती गेल्यावर दोनेक महिन्यांनी कॉम्प्युटर सुरू होईना. मला तो चालू हवा होता. पेटी तीच, त्याच जागी, तोच पत्रा खुर्चीकडे, आणि आत काय लागेल ते नवं. एवढंच हवं होतं.

माझा भाचा खराडीला एका मोठ्या काचेच्या इमारतीत काम करतो. काय करतो ते त्यानं मला तीनदा सांगितलं आहे, आणि तिन्ही वेळा वेगळं. तो म्हणाला, "मामा, कमॉन, हे फिट होणारच नाही. लॅपटॉप घ्या ना."

"मोजलंस का?"

"मोजायचं काय त्यात? इट्स ॲन्शंट."

मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली. कपाटात बसणार नाही असं न मोजता सांगणारे शिपाई मी पुष्कळ पाहिले; त्यांना भाच्याइतका पगार नव्हता, एवढाच फरक. मी पत्रा काढला, पोलादी पट्टी घेतली आणि आतल्या बोर्डाच्या स्क्रूंमधली अंतरं कागदावर उतरवली. मग नव्या बोर्डाची मापं इंटरनेटवर शोधली. अंतरं तीच होती. इतक्या वर्षांत या धंद्यानं आतलं सगळं बदललं, भोकं तेवढी जागच्या जागी ठेवली. जगातली ही एकच सभ्य गोष्ट मला त्या वर्षी दिसली.

बुधवार पेठेतल्या पहिल्या दुकानात सगळी कॅबिनेटं काचेची होती. आत लाल, निळे, जांभळे दिवे. फक्त मासे नव्हते. काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्या पेटीवर बोटानं टकटक केलं.

"आजोबा, याचा हा साइडचा पत्रा काढून टाकू, काच लावू. आतलं सगळं दिसेल."

"आतलं पाहून मी काय करू?"

"लुक येतो ना!"

"तो तुम्हालाच राहू द्या," म्हणून मी पेटी उचलली.

दुसरं दुकान जिन्यावर होतं. तिथला माणूस पन्नाशीचा, कपाळाला गंध, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यानं बोलण्याआधी मोजलं. "बसेल," म्हणाला. "पण गरम होईल. समोरून हवा घेत नाही ही. बाजूला भोक पाडून पंखा बसवला तर—"

"भोक नाही."

त्यानं पेटी फिरवून पाहिली. मग समोरची, सीडी ड्राइव्हखालची दोन प्लास्टिकची झाकणं अंगठ्यानं आत ढकलून काढली. "इथे जाळी लावू, मागे पंखा. हवा इथून येईल. कापायला नको."

मला तो माणूस आवडला असता. पण तोपर्यंत माणसं आवडून घेण्याची माझी सवय गेली होती. पाच दिवसांनी या, म्हणाला, तेव्हा मी खिशातून एक कागद काढून पेटीच्या माथ्यावर चिकटवला. घरूनच लिहून नेला होता, स्वच्छ अक्षरात:

'१. कापू नये. २. भोक पाडू नये. ३. रंग देऊ नये. ४. स्टिकर लावू नये. ५. कारण विचारू नये.'

त्यानं चष्मा लावून वाचला. "पाचवं कशाला?"

"त्याचंच उत्तर पाचव्यात आहे."

तो हसला. मी हसलो नाही. सिंहगड रस्त्यावर बस खोळंबली असताना मी त्या कागदावर मनातल्या मनात खूश होतो. सांगायचं काय त्या माणसाला? बायको गेली, तिचं अक्षर आहे, सांभाळा, असं? मग तो 'अरेरे' म्हणणार, चहा मागवणार, त्याच्या चुलत्याचं दुखणं सांगणार. दुःखाबद्दल बोलायची या लोकांची लायकी नाही, असं माझं मत होतं. अजूनही ते पुरतं बदललेलं नाही.

पाचव्या दिवशी गेलो. पेटी काउंटरवर उभी होती, माझा कागद जिथल्या तिथे. तो उत्साहात होता. पुढच्या दिव्याच्या वायरीची टोपी तीन खाचांची होती आणि नव्या बोर्डावर पिना दोनच, तर त्यानं एक वायर सरकवून तोच जुना हिरवा दिवा चालू ठेवला होता. बटणही तेच. त्यानं ते दाबलं. हिरवा दिवा लागला. पंख्याचा आवाज जवळजवळ नव्हताच. काम उत्तम होतं.

मग त्यानं पेटी माझ्याकडे वळवली. डावा पत्रा कोरा होता.

"एवढी मळली होती, काका. स्पिरिटनं पुसून घेतली. आमच्याकडून कुठलीही वस्तू मळकी जात नाही. वडिलांपासूनची पद्धत आहे. पिवळेपणा नाही गेला, पण पेन्सिलीचं-बिन्सिलीचं सगळं निघालं."

मी पत्र्यावर बोट फिरवलं. तिरकं धरून पाहिलं. काही नव्हतं.

"त्यावर माझ्या बायकोचं अक्षर होतं," मी म्हणालो. "ती गेली. मार्चमध्ये."

त्यानं हातातलं फडकं काउंटरवर ठेवलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तो म्हणाला, "काका, बोलायचं ना." आणि मग, फार हळू, त्या कागदावर बोट ठेवून, "मी विचारणार होतो, हे आकडे कसले आहेत. पण तुम्ही लिहिलं होतंत, विचारू नये."

रागवायला मला त्यात कुठेही जागा सापडली नाही. त्यानं पाचही कलमं अक्षरशः पाळली होती. चूक शोधायची तर ती एकाच माणसाच्या हस्ताक्षरात, समोर चिकटवलेली होती. आयुष्यभर ग्रंथालयाची कार्डं लिहिलेल्या माणसानं तो पत्रा एका कागदावर उतरवून घेतला नव्हता. भोकांची अंतरं तेवढी मिलिमीटरमध्ये उतरवली होती. आणखी एक सांगायचं तर ती असताना एकदा मीच तिला म्हणालो होतो, की कॉम्प्युटर म्हणजे काय सार्वजनिक मुतारीची भिंत आहे का, त्यावर लिहायला. ती म्हणाली होती, "अहो, तुम्हाला वाचायला सांगितलंय का?"

त्यानं चहा मागवला. मी प्यायलो. चुलत्याचं दुखणं त्यानं काढलं नाही. पेटी त्यानंच जिन्यावरून खाली आणली, रिक्षात माझ्या पायांशी ठेवली आणि काढलेली दोन झाकणं कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

घरी टेबलावर ठेवली, पत्रा खुर्चीकडे. नव्या फाँटला ते आकडे लागत नाहीत. जोडाक्षरं आपली आपण होतात. तरी मी आठवायला बसलो. 'द्ध'चे आकडे शून्य, दोन आणि पुढे काहीतरी. 'हा रडतो' कुठल्या अक्षरापुढे होतं, ते आठवत नाही. मऊ पेन्सिल घेऊन मी पत्र्यासमोर बराच वेळ बसलो, आणि माझ्या अक्षरात तिथे काही लिहिलं नाही. संध्याकाळी भाच्याचा फोन आला.

"मामा, चाललं? गरम होतंय का?"

मी पत्र्यावर तळवा ठेवला. "कोमट आहे."

"तेवढं असायचंच," तो म्हणाला. या वेळी त्याचं बरोबर होतं. मी हात तसाच ठेवला.