म्हातारीच्या रागाचा रस्ता

रस्ता चुकलेली माणसं तुम्ही लई बघितली असतील. दुसऱ्यास्नी रस्ता चुकवणारी बाई बघायची तर माझ्याकडं बघा. शाळेची पायरी मी चढले न्हाय, पण मोबाईलच्या नकाशात एक रस्ता माझ्या पायांनी काढलाय. आन् त्यापायी एका पोरीची सोयरीक मोडत आणली होती. आता काय तोंडानं सांगू?

माझी नात सायली सोलापुरात कॉलेजला हाय. सुट्टीला केमजवळच्या आमच्या गावी आली ती कम्प्युटर घिऊन.

"आजी, नकाशात आपलं गाव म्हंजी नुसता ठिपका हाय. आपुनच भरायचं."

"सरकारनं सांगितलंय व्हय?"

"न्हाय गं. लोकंच हौसेनं आपापली गावं भरत्यात."

आभाळातनं काढलेल्या फोटूवर एकेक छप्पर बघून तिनं चौकोन काढलं. देऊळ कुटलं, हापसा कुटला, मी सांगायची आन् ती नाव घालायची. अडलं ते आमच्या बोळापाशी. वर चिंचंची झाडं, खाली बोळ दिसंना. मग तिनं माझ्या हातात फोन दिला. "तू चालशील तशी रेघ उमटंल. मोठ्या रस्त्यापतुर जा. रोज जातीस तशीच जा."

आता मी रोज जाते कशी? बोळात माझ्या धाकट्या जावंचं, पारूचं घर. आठ वर्सांमागं माझ्या शेंडेफळाच्या, धाकट्या पोराच्या लग्नात ती म्हणाली, आमटीला मीठ न्हाय. नव्हतंच म्हणा. पण भर पंगतीत बोलायचं का? तवापास्नं तिच्या दारावरनं जायचं न्हाय, अशी माझी शपथ. मी जाते शेळ्यांच्या गोठ्यातनं, उकिरड्याला वळसा घालून, पारूच्या परसामागनं, बाभळीखालनं. तशीच गेले.

"आजी, रस्ता लई वाकडा दिसतोय," सायली म्हणाली.

"हाय तसा हाय."

खोटं बोलले का मी? माझा तसाच हाय. लांबच्या कुण्या गावच्या असल्याच हौशी पोरीनं तो कम्प्युटरवर तपासला, पास केला. तिला काय ठाऊक, ह्यो रस्ता न्हाय, म्हातारीचा राग हाय. चार दिसांत ज्याच्या त्याच्या मोबाईलात माझा राग दिसाया लागला.

पंधरवड्यानं पारूच्या नातीला, रेश्माला, बघायला पाहुणं आलं. पोरगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला. मी शेळ्यांस्नी पाला टाकत होते, तर बाभळीखालनं एक बाई रेशमी पातळ उचलून धरून येतीया. पाय शेणानं भरलेलं, पदराला काटं. मागं नवरा, त्याच्यामागं फोनकडं बघत पोरगा.

"कुणाकडं?" मी इचारलं.

"पारूबाईंकडं. ह्याच्या फोननं हिकडनं आणलं." मग नवऱ्याला म्हणाली, "माघारी चला. दाराला धड वाट न्हाय, असल्या घरची सोयरीक नको मला."

हातातला पाला मी तिथंच टाकला. अबोला पारूशी होता. रेश्माला मी कडेवर खेळवलीया.

"ताई, त्यांची वाट चांगली फरशीची हाय," मी म्हणलं. "ही माझी हाय. माझी आन् शेळ्यांची."

बादली आणली, त्यांच्या पायावर पाणी घातलं, काटं काढलं आन् हाताला धरून बोळातनं पारूच्या दारात नेलं.

पारू तांब्या घिऊन उभी. मला बघून तांब्या तिनं आधी माझ्याच म्होरं धरला.

"आलासा अक्का?"

"आले न्हाय. पाहुणं पोचवायला आले."

"मग पोह्याचं मीठ तेवढं चाखून जावा."

चाखलं. जास्त होतं. गप बसले.

सोयरीक जुळली. मग घरी येऊन सायलीला सगळं कबूल केलं. तिनं कपाळाला हात लावला आन् परत फोन दिला. "आता बोळ नीट चालून दे."

गेले. पारू म्हणाली, बसा अक्का. बसले. आठ वर्सांचं साचलेलं, उठवतंय व्हय? तासाभरानं आले तर रेघ पारूच्या दारात गेलेली आन् तिथंच गुंता झालेला. दुसऱ्या दिशी परत गेले. परत गुंता. तिसऱ्या दिशी तर रेघ पार तिच्या चुलीपाशी.

सायलीनं फोन काढून घेतला आन् बोळ स्वतःच चालून आली. दोन मिनिटं लागली तिला.

"आजी," ती म्हणाली, "आधी न बोलून नकाशा बिघडवलास, आता बोलून बिघडवतीस. तू आपली घरी बस."