व्याज तारखेच्या आधी यायचं

बैहरच्या जंगल कचेरीत माझे यजमान हेडक्लार्क होते. पगार वाढला तसा पहिल्यांदाच टॅक्स कापला गेला. तेव्हा त्यांनी बालाघाटला जाऊन बँकेत सार्वजनिक भविष्य निधीचं, म्हणजे पीपीएफचं खातं उघडलं. टॅक्स वाचतो, व्याजावरही लागत नाही. मात्र पैसा पंधरा वर्षं अडकतो. आमची मुलगी तेव्हा पाळण्यात होती.

त्याच हिवाळ्यात बसस्टँडजवळ एका परक्या माणसानं खोली घेतली. तो लोकांच्या ठेवी घ्यायचा आणि पोस्टापेक्षा कितीतरी जास्त व्याज द्यायचा. माझे मोठे दीर तिरोडीच्या खाणीतून निवृत्त होऊन आमच्याकडेच राहायला आले होते. फंडाची सगळी रक्कम त्यांनी त्याच्याकडे ठेवली.

व्याज तारखेच्या आधीच यायचं. तो स्वतः आणून द्यायचा. ओट्यावर बसायचा, चहाला नको म्हणायचा, आणि बोलता बोलता विचारायचा, शेजारच्या मास्तरांना फंड कधी मिळणार, समोरच्या विधवेला विम्याचे पैसे आले का. कुणाकडे काय आहे, हे त्याला आमच्याआधी ठाऊक असायचं. तो गेला की मी दार लावून घ्यायची.

एकदा मी धीर करून पावती मागितली.

"बहनजी, पर्ची बनेगी तो टॅक्सवालों को पता चलेगा," तो हसून म्हणाला.

दीर माझ्या यजमानांना म्हणाले, "तू कायले पंधरा वर्षं अडकून बसतं? काढ तो पैसा. मले तं दर महिन्याले मिळून राह्यलं."

"काढू नका," मी म्हटलं. "त्याची मले भीती वाटते."

"कशाची भीती?" दीर म्हणाले. "वेळेवर देते तो माणूस."

यजमान बालाघाटला गेले आणि चिडून परतले. इतक्यात पैसे काढता येत नाहीत, असं बँकेनं सांगितलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

होळीच्या आधी एका सकाळी बसस्टँडजवळची त्याची खोली उघडी सापडली. आत खिळासुद्धा नव्हता, फरशी धुऊन पुसलेली. पायरीवर समोरची विधवा बसली होती. दीर तिच्याशेजारी जाऊन बसले, ते दुपारपर्यंत उठलेच नाहीत.

मग ते किरनापूरला एका राइस मिलवर चौकीदार झाले. आम्ही दोघं न्यायला गेलो.

"त्याले तुमच्या ओट्यावर मीच आणलं," ते म्हणाले. "तुमचा पैसा काढायले मीच लावत होतो. मी कोण्या तोंडानं येऊ?"

मुलगी शाळेत जाऊ लागली तरी ते आमच्या घरी राहायला आले नाहीत. दिवाळीला यायचे, उभ्या उभ्या तिच्या हातात खाऊ ठेवायचे, आणि पुढच्या बसनं परत जायचे.