वर म्हणजे कुठं

"तीनपर्यंत सिग्नल आला नाही तर स्टेशन उतरवून आण," सर फोनवर म्हणाले. "बारामतीत आपल्या ऑफिसच्या आवारात लावू. तिथं रेंजही आहे."

"आवारात तलाव नाही, सर."

माझ्या तोंडून एवढं निघालं याचं मलाच नवल वाटलं. मीटिंगमध्ये मी वहीकडे बघत बसते.

कळस गावाच्या पलीकडे माळावर एक उंचवटा आहे. फोनला एक काडी रेंज मिळते ती तिथंच. खाली पाझर तलाव. त्याच्या काठावर मी आणि तलावाखालचे शेतकरी तात्या सकाळपासून ते स्टेशन, म्हणजे पाणी तपासणारं यंत्र, बसवत होतो. मोबाइलचं नेटवर्क नाही, म्हणून त्याची मोजणी दर तासाला उपग्रहामार्फत पुण्याला सरांकडे जायची होती. अकराची पोहोचली नाही. बाराचीही नाही.

यंत्र तिथंच हवं होतं. तलावाखाली तात्यांची वांगी आणि टोमॅटो. गेल्या उन्हाळ्यात पाण्याला वास सुटला, मासे उलटे तरंगायला लागले. आमच्या ऑफिसची माणसं चौथ्या दिवशी पोहोचली तोवर पाणी निवळलं होतं. कागदावर लिहिलं गेलं, काही आढळले नाही. त्या माणसांत मीही होते. "तुमी नाक घिऊन येता मॅडम," तात्या मला म्हणाले, "पर वास निघून गेल्याव."

मला तिथं न हलणारं नाक बसवायचं होतं.

अँटेना दक्षिणेकडे तोंड करून आभाळात बरीच तिरकी रोखावी लागते. दिशा मी सकाळीच होकायंत्रावर बघून दिली होती. राहिला होता तिरकेपणा. उन्हात यंत्राच्या पेटीवरचा स्क्रीन दिसेना, म्हणून ओढणी डोक्यावरून पेटीवर घेऊन मी आत वाकले आणि पाना तात्यांच्या हातात दिला.

"तात्या, थोडं वर घ्या."

"घेतलं."

"अजून वर."

"आता लई वर झालं बगा."

एकचा संदेश सुटला. उंचवट्यावर चढून गेले, सरांना फोन लावला. नाही आला.

"इंग्लिश मीडियमला अँटेना शिकवत नाहीत वाटतं," सर हसले. "तू परत ये. मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो."

"तीन वाजले नाहीत अजून," मी म्हणाले आणि फोन ठेवला.  चालत खाली आले.

"अजून वर, तात्या."

दोनचाही पोहोचला नाही. आता मात्र मी ओढणी बाजूला सारून अँटेनाच्या खांबाकडे बघितलं. अँटेना तलावावरून थेट मावळतीकडे बघत होती.

"हे काय, तात्या?"

"काय म्हंजी? तुमीच म्हनला, वर."

"वर म्हणजे वर!" मी आभाळाकडे बोट केलं.

"त्याला उंच म्हन्त्यात." तात्या शांतपणे म्हणाले. "वर म्हंजी मावळतीकडं. पानी तिकडनंच येतंय न्हवं? उगवतीला जातंय ते खाली. येवढं बी शिकवलं न्हाय व्हय शाळंत?"

"नाही शिकवलं."

"मला वाटलंच, तिकडं डोंगरामागं कसला उपग्रह बसलाय. पर म्हनलं, मॅडम शिकलेल्या हायत."

पुन्हा होकायंत्र काढलं. खांब दक्षिणेला फिरवला. या वेळी पेटीत डोकं घातलं नाही. तात्यांच्या शेजारी उभी राहिले.

"उंच करा, तात्या. अजून उंच. बास."

तीनला पाच मिनिटं असताना मी उंचवट्यावर होते. तीन वाजून दोन मिनिटांनी फोन लावला.  सर म्हणाले, "आला."

"मग स्टेशन इथंच राहील," मी म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

अहवालात विलंबाचं कारण लिहायला एक रकाना असतो. मी लिहिलं, 'या भागात वर म्हणजे पश्चिम, हे मला माहीत नव्हते.' सरांनी ते खोडून 'तांत्रिक बिघाड' लिहायला सांगितलं. यंत्रात बिघाड नव्हता, आणि तात्यांचीही चूक नव्हती. पुढच्या वेळी दुसरं कुणी तिथं जाईल आणि तेही "वर घ्या" म्हणेल. मी ओळ तशीच ठेवली आणि खाली सही केली.