मुक्या गावातून धाव

भुईगावचे ॲन्सेल्म मास्तर चौपन्नाव्या वर्षी पाचव्यांदा मॅरेथॉन धावत होते. चार तासांच्या आत पोहोचायचं, एवढंच वेड. दरवर्षी स्वतःच्या गावातून जाताना ते प्रत्येक हाकेला थांबायचे, लोकांच्या हातातलं केळं घ्यायचे आणि पाच मिनिटं तिथेच जायची. म्हणून यंदा त्यांच्या बायकोने, क्लेमेंटीनने, गावाला तंबी दिली होती, "कोणी हाक मारायची नाय!"

तिसाव्या किलोमीटरला गाव आलं. दुतर्फा माणसं उभी, सगळ्यांत पुढे क्लेमेंटीन, पण टाळी विसरलेल्या नाट्यगृहासारखी गप्प. मास्तरांचे थकलेले पाय थांबलेच.

"क्लेमेंटीन, मयताला आलेत काय सगळे? हाक मारा कोणीतरी!"

"पळा, मास्तर!" गाव गरजलं.

चार तास सहा मिनिटं लागली. बूट काढताना मास्तरांनी बायकोला बजावलं, "पुढल्या वर्षी गावाचं तोंड बांधू नकोस."